बोटाचा पुरावा आणि सुईचा पुरावा : कुत्र्याच्या अंगावरच्या गाठींचा इतिहास

मागच्या व्याख्यानाचा विषय प्रमाणविचार हा होता. म्हणजे, एखादी गोष्ट आपल्याला 'कळली' असं केव्हा म्हणायचं. त्यानंतर एका श्रोत्या बाईंनी प्रश्न पाठवला. त्यांच्या नऊ वर्षांच्या लॅब्रेडॉरच्या बरगडीवर लिंबाएवढी गाठ आली आहे. मऊ आहे, बोटाखाली सरकते, दुखत नाही. शेजारचे म्हणतात, चरबीची आहे, सोडून द्या. बाईंनी विचारलं होतं : तुमच्या प्रमाणशास्त्राप्रमाणे हे शेजाऱ्यांचं ज्ञान म्हणायचं की मत? आणि डॉक्टरांकडे न्यायचं तर केव्हा?

मी पशुवैद्य नाही. तत्त्वज्ञान शिकवण्यात माझं आयुष्य गेलं. पण प्रश्न वाचल्यावर मला जाणवलं, की यात एक मोठा इतिहास दडलेला आहे. गाठ वरून पाहून, बोटांनी दाबून आत काय आहे ते सांगता येतं का, हा वैद्यकातला सुमारे अडीच हजार वर्षांचा जुना प्रश्न आहे. त्याचं उत्तर गेल्या दीडशे वर्षांत बदललं. आपल्या सवयी मात्र बदललेल्या नाहीत. म्हणून आज तोच इतिहास सांगतो आणि शेवटी 'केव्हा न्यायचं' याचं सरळ उत्तर देतो.

सुरुवात ग्रीसपासून करू. हिपॉक्रेटिसच्या नावावर असलेल्या ग्रंथांत गाठीला आणि न भरणाऱ्या व्रणाला 'कार्किनोस', म्हणजे खेकडा, असा शब्द येतो. पुढे दुसऱ्या शतकात गेलनने त्याचं स्पष्टीकरण दिलं, की गाठीच्या दोन्ही बाजूंना फुगलेल्या शिरा खेकड्याच्या पायांसारख्या दिसतात. आपला 'कर्करोग' हा शब्दही त्याच खेकड्याचा. म्हणजे बघा, रोगाला नाव मिळालं ते त्याच्या दिसण्यावरून. आत काय चाललंय हे कुणालाच दिसत नव्हतं.

आपल्याकडे सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात ग्रंथी, अपची, अर्बुद आणि गलगंड यांचा एकत्र अध्याय आहे, अकरावा. त्यातलं अर्बुदाचं वर्णन आजही वाचण्यासारखं आहे. गोल, न हलणारं, थोडं दुखणारं, खोल मूळ असलेलं, सावकाश वाढणारं आणि न पिकणारं. हे निरीक्षण माणसाच्या देहाचं आहे, पण त्यातली नजर फार तीक्ष्ण आहे. पिकणारी गाठ वेगळी आणि न पिकणारी वेगळी, हा भेद त्यात नेमका पकडलेला आहे. चिकित्सास्थानात आणखी एक गोष्ट सांगितली आहे : अर्बुद काढायचं तर निःशेष काढावं, अवशेष राहिला तर ते लवकर पुन्हा उद्भवतं. हे वाक्य लक्षात ठेवा, आपल्याला ते पुढे लागणार आहे.

ग्रीकांनी मात्र उलटा सल्ला दिला होता. हिपॉक्रेटिसच्या सूत्रांमध्ये म्हटलंय, की आत दडलेल्या कर्करोगावर उपचार न करणंच बरं. उपचार केले तर रोगी लवकर जातो, न केले तर जास्त दिवस काढतो. आज हे क्रूर वाटेल, पण त्या काळाचा विचार करा. बधिर करण्याचं औषध नाही, जंतूंची कल्पना नाही, रक्तस्राव थांबवायला डागणी. अशा स्थितीत 'हात लावू नका' हा प्रामाणिक आणि बऱ्याचदा शहाणपणाचा सल्ला होता. 'थांबून पाहू' या आपल्या सवयीचं मूळ इथे आहे. ती मूर्खपणातून आलेली नाही, साधनं नव्हती म्हणून आलेली आहे. प्रश्न एवढाच, की साधनं आल्यावरही ती का टिकावी?

हे सगळं माणसाचं झालं. कुत्रा यात कुठे आहे? खरं सांगायचं तर फारसा कुठेच नाही. अॅरिस्टॉटलने प्राण्यांवरच्या आपल्या ग्रंथात कुत्र्याचे तीनच रोग दिले आहेत : पिसाळणं, घशाचा एक आजार आणि पायांचा एक आजार. गाठींचा त्या यादीत उल्लेख नाही. पुढची दोन हजार वर्षं पशुवैद्यक वाढलं ते घोडा, बैल, गाय, मेंढी यांच्या भोवती, कारण सैन्य, शेती आणि महसूल त्यांच्यावर चालत होता. युरोपातली पहिली पशुवैद्यक शाळा क्लोद बूर्जला याने फ्रान्समध्ये लिओंला काढली. तिला परवानगी मिळाली 1761 मध्ये, आणि त्या वेळची मोठी चिंता होती गुरांच्या साथीची. लंडनची शाळा 1791 ची, तिचं केंद्र घोडा.

आपल्या मुंबईचंही तेच. परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचं जनावरांचं रुग्णालय एकोणिसाव्या शतकात उभं राहिलं आणि त्याच आवारात 1886 मध्ये पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालं. या रुग्णालयाला जुने मुंबईकर काय म्हणतात? 'बैलघोडा हॉस्पिटल'. आज तिथे कुत्र्या-मांजरांची रांग लागते, पण नाव पडलं बैल आणि घोड्यावरून. ट्राम ओढणारा घोडा आणि गाडी ओढणारा बैल आजारी पडला तर शहर अडत होतं. कुत्रा आजारी पडला तर काहीच अडत नव्हतं. संस्थांचा इतिहास कधीकधी एका बोली नावात साठवलेला असतो, तो असा.

कुत्र्याच्या रोगांवर स्वतंत्रपणे लिहिणारे लोक इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी दिसतात. डेलाबेअर ब्लेन याचा कुत्र्यांच्या रोगांवरचा ग्रंथ 1817 चा आणि त्याचा सहकारी विल्यम युअट याचा कुत्र्यावरचा ग्रंथ 1845 चा. कुत्रा घरात आला, माणसाच्या मायेत आला, तेव्हा कुठे तो पुस्तकात आला. पण या लेखकांकडेही साधनं तीच, डोळा आणि बोट. भूल देण्यासाठी ईथर आलं 1846 मध्ये आणि क्लोरोफॉर्म 1847 मध्ये. त्याआधी कुत्र्याची गाठ काढायची तर चार माणसांनी धरून ठेवायचं आणि कापायचं.

आता इतिहास वळण घेतो. 1858 मध्ये बर्लिनच्या रूडॉल्फ व्हिर्खो याचा पेशी-विकृतिशास्त्रावरचा ग्रंथ आला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की रोग हा पेशीत असतो आणि प्रत्येक पेशी ही आधीच्या पेशीपासूनच जन्मते. गाठीच्या बाबतीत याचा अर्थ फार मोठा होता. गाठ म्हणजे साचलेलं पित्त नव्हे, घट्ट झालेला कफ नव्हे. ती आपल्याच शरीरातल्या पेशींची वाढ आहे. मग गाठ कोणत्या जातीची हे ठरणार तिच्यातल्या पेशींवरून. वरून दिसणारा आकार, रंग, कठीणपणा ही फक्त खूण उरली. व्हिर्खोची आणखी एक धारणा होती, की माणसाचं वैद्यक आणि प्राण्याचं वैद्यक यांच्यामध्ये भिंत नाही आणि असूही नये.

ही भिंत प्रत्यक्षात पाडली ती एका कुत्र्याच्या गाठीने. 1876 मध्ये सेंट पीटर्सबर्गमधल्या म्स्तिस्लाव नोविन्स्की या पशुवैद्याने एका मोठ्या कुत्र्याच्या गाठीचे तुकडे पिल्लांच्या अंगात रोपून पाहिले, आणि काही ठिकाणी गाठ रुजली. गाठ एका प्राण्यातून दुसऱ्यात यशस्वीपणे रोवल्याचा हा पहिला प्रयोग मानतात. प्रायोगिक कर्करोगशास्त्राची सुरुवात उंदरावर झाली असं आपल्याला वाटतं. ती कुत्र्यावर झाली, आणि करणारा माणूस पशुवैद्य होता. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत अँटन स्टिकरने तशाच गाठीवर सविस्तर काम केलं. तिला पुष्कळ दिवस 'स्टिकर सार्कोमा' म्हणत.

ही गाठ आपल्या रस्त्यावरच्या कुत्र्यांत आजही दिसते. समागमातून एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जाते, जननेंद्रियावर फुलकोबीसारखी वाढते, रक्त ठिबकतं. तिचं रहस्य उलगडलं 2006 मध्ये. वेगवेगळ्या देशांतल्या कुत्र्यांच्या या गाठींचा जनुकीय अभ्यास झाला, तेव्हा असं दिसलं की या पेशी त्या त्या कुत्र्याच्या नाहीतच. त्या सगळ्या एकाच, फार पूर्वी होऊन गेलेल्या कुत्र्याच्या पेशींच्या वंशज आहेत. 2019 च्या अभ्यासानुसार तो मूळ कुत्रा आशियात सुमारे 4,000 ते 8,500 वर्षांपूर्वी जगला. कुत्रा मेला, त्याची गाठ जिवंत राहिली आणि जगभर फिरली.

आणि हिच्यावरचा उपाय तुमच्या अंगणात आहे असं म्हटलं तरी चालेल. विन्क्रिस्टीन हे औषध सदाफुलीपासून मिळतं. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला ते माणसांच्या रक्ताच्या कर्करोगासाठी आलं. या गाठीवर आठवड्याला एक इंजेक्शन, असे सहसा चार ते सहा आठवडे दिले, तर बहुतेक कुत्री बरी होतात. सदाफुलीची पानं घरी वाटून लावू नका, ते विष आहे. औषध पशुवैद्यानेच शिरेतून द्यायचं असतं. पण सोसायटीच्या दारातल्या कुत्रीला रक्त जाताना दिसलं आणि लोक म्हणाले 'माजावर आली असेल', तर एकदा दाखवून घ्या. बरा होणारा कर्करोग नुसत्या गैरसमजुतीने अंगावर काढू नये.

आता बाईंच्या लॅब्रेडॉरकडे येऊ. मऊ आहे, सरकते, दुखत नाही, म्हणून चरबीची. याला न्यायशास्त्रात अनुमान म्हणतात, आणि अनुमान खरं ठरायला हेतू आणि साध्य यांची कधीही न सुटणारी जोडी लागते. तिला व्याप्ती म्हणतात. धूर दिसला म्हणून आग आहे, हे बरोबर. पण आग दिसली म्हणून धूर असणारच, हे चूक; तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात आग आहे, धूर नाही. जो हेतू साध्याबरोबर राहतो आणि साध्य नसलेल्या जागीही सापडतो, त्याला नैयायिक अनैकांतिक म्हणतात. मग आपण विचारायचं, 'मऊ आणि सरकणारी' हा हेतू अनैकांतिक आहे का?

आहे. आणि तो कुठे फसतो हे सांगायला पुन्हा जर्मनीत जावं लागेल. 1878 मध्ये पाउल एर्लिख नावाच्या तरुण विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधासाठी कापड रंगवायचे नवे कृत्रिम रंग शरीराच्या ऊतींवर वापरून पाहिले. काही पेशी दाणेदार, जांभळ्या दिसल्या. त्याला वाटलं, या भरपूर पोसलेल्या पेशी असाव्यात. म्हणून त्याने त्यांना 'मास्ट' पेशी म्हटलं, जर्मनमध्ये पोसणं, खाऊ घालणं या अर्थाचा शब्द. त्याचा तर्क चुकीचा होता, पण नाव टिकलं. या दाण्यांत हिस्टामिनसारखी द्रव्यं असतात, ॲलर्जीत अंगाला सूज आणणारी तीच.

कुत्र्याच्या कातडीत या मास्ट पेशींची गाठ होते. त्वचेच्या घातक गाठींमध्ये कुत्र्यात सर्वांत जास्त आढळणारी हीच. आणि तिचं रूप ठरलेलं नसतं. कधी लाल फोड, कधी चामखीळ, कधी कातडीखाली मऊ, सरकणारी, अगदी चरबीच्या गाठीसारखी. अनुभवी पशुवैद्यही बोटांनी ती ओळखण्याची खात्री देत नाहीत. वर आणखी एक फसवणूक आहे. दाण्यांतली द्रव्यं बाहेर पडली की गाठ सुजते, ती ओसरली की गाठ लहान होते. मालक म्हणतो, बघा, आपोआप कमी झाली, म्हणजे साधी होती. पण 'कमी झाली' हाही अनैकांतिक हेतू.

उलट उदाहरणही सांगतो, नाहीतर तुम्ही उगाच घाबराल. लहान वयाच्या कुत्र्याला, बहुधा तीन वर्षांच्या आत, डोक्यावर, कानावर किंवा पायावर लालभडक बटणासारखी गाठ येते. चार दिवसांत वाढते, केस जातात, भयंकर दिसते. तिला हिस्टिओसायटोमा म्हणतात, आणि पुष्कळदा ती दोन-तीन महिन्यांत आपली आपण विरून जाते. म्हणजे निरुपद्रवी दिसणारी घातक असू शकते आणि भयंकर दिसणारी निरुपद्रवी. दिसणं हे प्रमाण म्हणून दोन्ही बाजूंनी तोकडं पडतं.

आता कुणी म्हणेल, पण बहुतेक गाठी साध्याच असतात ना? हो. म्हाताऱ्या कुत्र्याच्या कातडीखालच्या मऊ गाठी बऱ्याचदा चरबीच्याच निघतात. पण 'बहुतेक' हा शब्द समूहाबद्दल बोलतो. तुमच्या समोर समूह नाही, एक कुत्रा आहे, आणि त्याची गाठ एक तर ही आहे किंवा ती. संख्येवरून अंदाज बांधता येतो, पण निवाडा करायला आत पाहावं लागतं.

आत पाहायचं कसं? 1879 मध्ये फ्रान्समध्ये बेनिए या त्वचारोगतज्ज्ञाने 'बायोप्सी' हा शब्द रूढ केला : जिवंत शरीरातला तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं. पण तुकडा काढणं ही छोटी शस्त्रक्रियाच. 1930 मध्ये न्यूयॉर्कच्या मेमोरियल हॉस्पिटलमधल्या हेज मार्टिन आणि एडवर्ड एलिस यांनी सुई आणि पिचकारी एवढ्यावर गाठीतल्या पेशी ओढून निदान करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. विकृतिशास्त्रज्ञांना ती फारशी रुचली नाही. त्यांना पेशींच्या चिमूटभर ठिपक्याऐवजी अख्खा तुकडा हवा असे. पुढे 1950 आणि 60 च्या दशकांत स्वीडनमधल्या डॉक्टरांनी आणखी बारीक सुई वापरून ती पद्धत पक्की केली, आणि तिथून ती माणसांच्या व प्राण्यांच्या दवाखान्यांत पसरली. आपल्याकडे लोक तिला एफएनएसी या नावाने ओळखतात.

कुत्र्याच्या बाबतीत ही तपासणी किती सोपी आहे ते सांगतो. इंजेक्शनची असते तसलीच बारीक सुई. बहुतेक कुत्र्यांना भूल लागत नाही. गाठीत सुई फिरवायची, आत आलेलं काचपट्टीवर पसरायचं, रंगवायचं. भारतातल्या प्रयोगशाळांत यासाठी लीशमनचा रंग अजून वापरतात. काला-आजाराशी ज्याचं नाव जोडलेलं आहे, त्याच विल्यम लीशमनचा हा 1901 चा रंग. चरबी असेल तर काचेवर तेलकट थेंब दिसतात. मास्ट पेशी असतील तर एर्लिखने पाहिलेले तेच जांभळे दाणे दिसतात. ते सापडले की संशयाला फारशी जागा राहत नाही.

सुईलाही मर्यादा आहेत. काही गाठी पेशी सोडतच नाहीत, कधी नुसतं रक्त येतं. मग तुकडा काढावा लागतो. शिवाय मास्ट पेशींची गाठ किती आक्रमक आहे हे तुकड्यावरूनच ठरतं. 1984 मध्ये पटनाईक आणि सहकाऱ्यांनी 83 कुत्र्यांचा अभ्यास करून तिच्या तीन श्रेणी केल्या. सौम्य श्रेणीतली 93 टक्के कुत्री 1,500 दिवसांनंतरही जिवंत होती, तीव्र श्रेणीतली फक्त 6 टक्के. एकाच नावाची गाठ, आणि दैव इतकं वेगळं. 2011 मध्ये त्या वर्गीकरणाची फेरमांडणी होऊन दोनच श्रेणींची पद्धत आली.

इथे सुश्रुताचं ते वाक्य आठवा : निःशेष काढा. मास्ट पेशींच्या गाठीभोवती निरोगी दिसणाऱ्या कातडीचा, पारंपरिक मापाने दोन-तीन सेंटिमीटरचा, पट्टाही काढतात. गाठ वाटाण्याएवढी असेल तर पाठीवर हे सहज जमतं. पण पायाच्या घोट्यापाशी गाठ वाढू दिली तर तिच्याभोवती तेवढी कातडी असतेच कुठे? आणि भूमितीही आपल्या बाजूने नाही. गोल गाठीचा व्यास दुप्पट झाला की घनफळ आठपट होतं. बोटाला वाटतं, 'थोडीशीच वाढली'. सर्जनला कळतं, सोपी शस्त्रक्रिया अवघड झाली. पहिली शस्त्रक्रिया ही सर्वांत चांगली संधी असते, आणि ती लहान गाठीवरच नीट साधते.

एक आकडा मात्र सांभाळून वापरा. 1960 च्या दशकात कॅलिफोर्नियात अॅलामेडा आणि काँट्रा कोस्टा या दोन परगण्यांत प्राण्यांच्या अर्बुदांची नोंदवही ठेवली गेली. त्या कामातून 1969 मध्ये श्नायडर आणि सहकाऱ्यांचा एक निबंध आला. पहिल्या माजापूर्वी गर्भाशय-अंडाशय काढलेल्या कुत्रीला स्तनांच्या गाठींचा धोका 0.5 टक्के, एका माजानंतर 8 टक्के, दोन किंवा अधिक माजांनंतर 26 टक्के. हे आकडे सगळीकडे सांगितले जातात, आणि पुष्कळदा चुकीचे सांगितले जातात. त्यांचा अर्थ शंभरातल्या 26 कुत्र्यांना गाठ होते असा नाही. शस्त्रक्रिया न केलेल्या कुत्रीच्या धोक्याच्या तुलनेत एवढा वाटा, असा तो आहे. शिवाय 2012 मध्ये या विषयावरच्या सगळ्या अभ्यासांचा आढावा घेतला गेला, तेव्हा पुरावा समजला जातो तितका भक्कम नाही असं निघालं. तरी कुत्रीच्या आचळांपाशी लागलेली गाठ ही वाट पाहण्याची गाठ नव्हे. निम्म्याच्या आसपास घातक निघतात असं जुनं गणित आहे. हल्ली लहान चणीच्या जातींत प्रमाण त्याहून कमी मानतात. पण लहान असताना काढलेली गाठ आणि मोठी झाल्यावर काढलेली गाठ यांच्या परिणामांत खरोखर फरक पडतो.

तर आता सरळ उत्तर. केव्हा न्यायचं?

त्याच दिवशी, गाठीपेक्षा सगळी लक्षणं मिळून धोक्याची असतील तर. चेहरा अचानक सुजला आणि श्वासाला त्रास होतोय. पोट एकाएकी फुगलं, कुत्रा ओकारी काढतोय पण काही पडत नाही. गाठीतून रक्त थांबत नाही. यात गाठीचा विचार नंतर, दवाखाना आधी.

एक-दोन दिवसांत, जर गाठ गरम आणि दुखरी असेल, कुत्र्याला ताप असेल, पू असेल. हे बहुधा गळू, चावल्याचं किंवा काटा शिरल्याचं. घरी दाबून फोडू नका.

त्याच आठवड्यात, पुढच्यांपैकी काहीही असेल तर. दिवसागणिक वाढणारी गाठ. फुटलेली, चिघळलेली, रंग बदललेली. खालच्या थराला घट्ट चिकटलेली. तोंडातली, बोटांमधली, गुदद्वाराजवळची, आचळांपाशी किंवा वृषणात लागलेली. कधी मोठी तर कधी लहान होणारी. कुत्रा सारखा चाटतो ती. आणि एक खास खूण : जबड्याखाली, खांद्यांपुढे, मागच्या गुडघ्यांमागे दोन्ही बाजूंना एकाच वेळी फुगलेल्या गाठी. या लसिका ग्रंथी आहेत, आणि एकदम सगळ्या फुगल्या तर लिम्फोमाची शंका घ्यावी लागते. अशा वेळी सुईच्या तपासणीआधी स्टेरॉइड देऊ नये. त्याने गाठी तात्पुरत्या बसतात आणि निदान झाकलं जातं. म्हणून घरातल्या जुन्या गोळ्या स्वतः देऊ नका, आणि दिल्या असतील तर डॉक्टरांना सांगा.

बाकी सगळ्या गाठींसाठी काही पशु-कर्करोगतज्ज्ञ एक सुटसुटीत नियम सांगतात : वाटाण्याएवढी, म्हणजे साधारण एक सेंटिमीटरची, किंवा त्याहून मोठी गाठ महिनाभर टिकली, तर तिच्यात सुई घालायची. लक्षात घ्या, हा नियम 'महिनाभर काळजी करू नका' असं सांगत नाही. महिन्यापुढे बिनमापाची वाट पाहू नका, असं तो सांगतो. बाईंची लिंबाएवढी गाठ या रेषेच्या केव्हाच पलीकडे गेली आहे. ती चरबीचीच निघण्याचा संभव मोठा आहे. तरी सुई घालायची, म्हणजे शेजाऱ्यांचं मत हे ज्ञान होईल.

आणि वाट पाहायचीच, तर मोजून पाहा. गाठ सापडली त्या दिवशी तारीख लिहा. फुटपट्टी शेजारी ठेवून फोटो काढा. शरीराचं साधं चित्र काढून जागा खूण करा. महिन्यातून एकदा डोक्यापासून शेपटीपर्यंत हात फिरवा, तोंड उघडून बघा. तसं करताना फुगलेली गोचीड किंवा साधं आचळ गाठ समजून कुणी घाबरतं, तेही कळेल. पूर्वी सुईने 'चरबी' ठरलेली गाठ वाढली किंवा कडक झाली, तर पुन्हा सुई घालायला सांगा. एका गाठीचा निकाल शेजारच्या गाठीला लागू होत नाही.

काही जण म्हणतात, बारा वर्षांचा झाला, आता कशाला त्रास द्यायचा? हा प्रश्न मी खोटा मानत नाही. दवाखान्याचा खर्च असतो, गावाकडच्या सरकारी दवाखान्याचं मुख्य काम गुरांचं असतं, प्रत्येक ठिकाणी प्रयोगशाळा नसते. अशा ठिकाणी काचपट्टी तालुक्याच्या डॉक्टरांनी करून शहरात पाठवता येते, हे विचारून पाहा. आणि शस्त्रक्रिया न करण्याचा निर्णयही योग्य असू शकतो. म्हाताऱ्या कुत्र्याची न वाढणारी चरबीची गाठ कुणी काढायला सांगणार नाही. पण सुई आणि शस्त्रक्रिया या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काय आहे ते कळल्यावर 'काही करायचं नाही' असं ठरवणं हा निर्णय झाला. काय आहे ते न कळता काही न करणं याला निर्णय म्हणता येत नाही, ती नुसती टाळाटाळ.

हिपॉक्रेटिसच्या काळचा वैद्य थांबत असे, कारण त्याला आत पाहता येत नव्हतं. ती त्याची मर्यादा होती, दोष नव्हता. आपल्याला व्हिर्खोची पेशी मिळाली, एर्लिखचा रंग मिळाला, मार्टिन आणि एलिस यांची सुई मिळाली. या सगळ्यांनाच हे सुचलं ते बोटाच्या पुराव्यावर समाधान न मानल्यामुळे. माणूस निदान 'इथे दुखतंय' असं सांगू शकतो. कुत्रा सांगत नाही, आणि मास्ट पेशींची गाठ पुष्कळदा दुखतही नाही. त्याच्या वतीने विचारणारे आपणच. तेव्हा आज घरी गेल्यावर त्याच्या अंगावरून नीट हात फिरवा. काही लागलं तर तारीख लिहा, आणि उद्या डॉक्टरांची वेळ घ्या.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर पाठवा.